घरबसल्या उद्योग : नसलेल्या देशांचे नकाशे

गेल्या महिन्यांत कृष्णाकांठच्या एका गांवाहून एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें. अक्षर मोत्यासारखें, समास नीट सोडलेला, आणि शेवटीं लाल शाईनें अधोरेखित केलेला एकच प्रश्न. पत्रलेखकांनीं पाटबंधारे खात्यांत तीस वर्षें ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. कालवे, पाट, धरणाखालचीं गांवें यांचे नकाशे स्वतःच्या हातानें काढले. त्यांची चोवीस वर्षांची नात वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि गेलें दीड वर्ष माडीवर बसून तीही नकाशेच काढीत आहे. मात्र ते पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नसलेल्या देशांचे! परदेशच्या कादंबरीकारांकडून तिला अशीं पांच कामें मिळालीं व त्यांचे पैसेही आले.

पत्रलेखक म्हणतात : “खोटा नकाशा काढणें हें आमच्या दृष्टीनें पाप होतें. तें एकवेळ मुलीची हौस म्हणून सोडून देऊं. परंतु आतां ती म्हणते कीं, कामें मिळावयाचीं तर आपलीं चित्रें वरचेवर इंटरनेटवर मांडलीं पाहिजेत, आपण कोण आहों हें लोकांस सांगितलें पाहिजे. आमच्या घरांत चार पिढ्यांत कोणी स्वतःची टिमकी वाजविली नाहीं. सूनबाईंचें म्हणणें, करूं द्यावें. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, बँकेच्या परीक्षेस बसवावें. नात माझ्या शब्दाबाहेर नाहीं, म्हणूनच निर्णय माझ्यावर येऊन पडला आहे. आपण काय सांगाल?”

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाहीं. चित्रकला, लेखन, शिवणकाम, संगीताची शिकवणी असे उद्योग घरीं बसून करणारीं मुलें-मुली आज पुष्कळ कुटुंबांत आहेत आणि स्वतःविषयीं सांगण्याचा संकोच त्या सर्वांना पडतो. म्हणून खासगी उत्तर न पाठवितां येथेंच तें देण्याची परवानगी आम्हीं पत्रलेखकांकडून मागून घेतली.

प्रथम उद्योगाविषयीं. कल्पित देशाचा नकाशा काढणें हें आजकालचें खूळ नव्हे. सर थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’ या ग्रंथास १५१६ सालींच त्या कल्पित बेटाचें चित्र जोडलेलें होतें. जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हरच्या प्रवासकथेंत १७२६ सालीं लिलिपुटचा जो नकाशा छापला गेला, त्यांत तें चिमुकलें बेट खऱ्याखुऱ्या सुमात्रा बेटाच्या शेजारीं दाखविलें आहे. पुढें ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनीं १९३७ सालच्या ‘द हॉबिट’साठीं स्वतः नकाशे काढले, आणि १९५४-५५ मध्यें ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन भागांत निघालें, तेव्हां त्यांतील नकाशे त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनीं काढले. टोल्किन यांची रीत अशी कीं, नकाशा आधीं आणि कथा मागाहून. कारण पात्रें किती दिवसांत किती मजल मारतील याचा हिशेब नकाशावांचून चुकतो. तेव्हांपासून अशा अद्भुत कथांच्या पुस्तकांत आरंभीं नकाशा असणें हा जणूं शिष्टाचारच होऊन बसला.

या मागणीस दुसरी जोड मिळाली ती खेळांची. १९७४ सालीं अमेरिकेंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ निघाला. चारपांच मंडळींनीं टेबलाभोंवतीं बसावें, एकानें सूत्रधार व्हावें आणि बाकीच्यांनीं एकेका पात्राचें सोंग घेऊन कथा तोंडीं पुढें न्यावी, असा तो खेळ. त्यास गांवांचे, किल्ल्यांचे, भुयारांचे नकाशे लागतात. त्यांवर चौकटी आंखलेल्या असतात आणि एक इंचाची चौकट म्हणजे पांच फूट असें प्रमाण बहुधा धरतात. हल्लीं दूरदूरचे लोक संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमून हाच खेळ खेळतात; त्यामुळें पडद्यावर मांडतां येतील अशा नकाशांनाही गिऱ्हाईक आहे. सारांश, स्वतःच्या खर्चानें पुस्तक काढणारे लेखक, हे खेळाडू आणि खेळांचे व पुस्तकांचे प्रकाशक असे तीन प्रकारचे लोक या कलेस पैसे देतात. उद्योग लहान आहे, परंतु प्रामाणिक आहे.

आतां ‘खोटा नकाशा’ या शब्दाविषयीं. देश खोटा असला तरी नकाशा खोटा असून चालत नाहीं, ही यांतील गंमत आहे. १९७० सालीं टोल्किन यांच्या देशाचा एक मोठा रंगीत नकाशा पॉलिन बेन्स या चित्रकर्तीनें काढला. त्या कामासाठीं ज्या छापील नकाशावर टोल्किन यांनीं तिच्याकरितां टिपणें केलीं, तो २०१५ सालीं उजेडांत आला व पुढील वर्षीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानें विकत घेतला. त्या टिपणांत, हॉबिटन हें गांव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरावें असें लेखकानें सांगितलें आहे. कां? तर तेथील हवा, झाडें, पिकें चित्रांत चुकूं नयेत म्हणून! कल्पनेच्या गांवास अक्षांश देणारा तो प्राध्यापक आमच्या पत्रलेखकांस खात्रीनें आवडला असता.

या कलेंत नवशिक्याच्या हातून हमखास होणारी चूक नद्यांची असते. नदी उगमापासून समुद्राकडे जातांना तिला दुसऱ्या नद्या येऊन मिळतात. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर ती सहसा फुटत नाहीं. नवशिका मात्र तिला झाडाच्या फांद्यांप्रमाणें वाटेंतच फोडतो, एकाच सरोवरांतून तीन दिशांना तीन नद्या काढतो, आणि पर्वताच्या दोन्ही अंगांस सारखेंच हिरवें अरण्य रंगवितो. कृष्णाकांठच्या मुलीला हें शिकविण्यास परदेशीं पुस्तक कशाला हवें? महाबळेश्वरास उगम पावणारी कृष्णा पश्चिम समुद्रापासून उणीपुरी ६५ किलोमीटर दूर असतांही त्याकडे पाठ फिरवून सुमारें १,४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर धोधो पाऊस कोसळत असतां त्याच जिल्ह्यांतील माण व खटाव पाण्यासाठीं तळमळतात. एवढे दोन धडे ज्याला उमगले, त्याच्या कल्पित देशांतील नद्या आणि वाळवंटें बरोबर जागीं पडतात. तीस वर्षें पाण्याचे नकाशे काढलेले आजोबा घरांत असणें हें त्या मुलीचें मोठेंच भांडवल आहे.

आतां मुख्य मुद्दा : स्वतःविषयीं आपणच सांगावें काय? आत्मश्लाघा हा दोष आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु श्लाघा आणि माहिती या दोन वस्तु निराळ्या आहेत. वैद्य आपल्या दारावर पाटी लावतात, देवळाच्या फळ्यावर कीर्तनकारबुवांचें नांव व आख्यानाचा विषय खडूनें लिहिलेला असतो. त्यास कोणी टिमकी म्हणत नाहीं. ‘मी अमुक काम करतें, हे त्याचे नमुने, हा दर, आणि येथें पत्र पाठवावें,’ इतकें सांगणें म्हणजे पाटी लावणें होय. ‘माझ्यासारखें काम त्रिभुवनांत कोणी करीत नाहीं,’ असें म्हणणें ही बढाई. पहिली गोष्ट न केल्यास गरजू माणसास आपला पत्ताच लागत नाहीं. दुसरी केल्यास लागलेला माणूसही परत जातो. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचें सोनेंही विकत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या मतें सोनें असणाऱ्यानें बोलावें, म्हणजे मातीवाल्यांचें फावणार नाहीं.

वर उल्लेखिलेल्या पॉलिन बेन्स यांचीच हकीकत पाहा. तरुणपणीं त्यांनीं मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासांतील चित्रांच्या धर्तीवर कांहीं गमतीचीं चित्रें काढलीं आणि तीं ॲलन अँड अन्विन या प्रकाशकांच्या दप्तरीं नमुन्यादाखल पोंचलीं. तींच टोल्किन यांच्या दृष्टीस पडलीं व पसंत ठरलीं. १९४९ सालीं त्यांच्या एका विनोदी कथेचें पुस्तक बेन्स यांच्या चित्रांनिशीं निघालें, १९५० पासून सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सातही पुस्तकांचें काम त्यांच्याकडे आलें, आणि पुढें वीस वर्षांनीं तो मोठा नकाशा. नमुने पेटींत कुलूपबंद राहिले असते तर यांतील कांहींही घडलें नसतें. हातच्या कांकणाला आरसा नको हें खरें. पण हात पदराखालून बाहेर तरी काढावा लागतोच.

तेव्हां तो कसा काढावा, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, निवड. साठ नकाशे मांडण्यापेक्षां उत्तम असे दहाबाराच मांडावेत. पाहणारा आपल्यास सर्वांत वाईट नकाशावरूनच जोखतो. आणि जें काम पुढें मिळावें अशी इच्छा, तेंच मांडावें. पुस्तकांसाठीं नकाशे काढावयाचे असतील तर काळ्या-पांढऱ्या शाईचे नमुने अवश्य हवेत, कारण कादंबऱ्यांच्या पानांवर बहुधा तेच छापतात. गिऱ्हाईकांचीं कामें थोडीं असतील तर स्वतःच एखादा देश कल्पून त्याचा मुलूख, एक नगर व एक भुयार असे तीन नकाशे पूर्ण करावेत. नमुना म्हणून ते तितकेच उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट, स्वतःचें घर. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणीं चित्रें अवश्य टाकावींत. परंतु ती दुसऱ्याची ओसरी आहे हें विसरूं नये. मालकानें नियम बदलले कीं तेथील वर्दळ एका रात्रींत आटते. म्हणून स्वतःच्या नांवाचें एक साधें संकेतस्थळ असावें : नमुने, दर, काम करण्याची रीत आणि ई-मेलचा पत्ता, एवढेंच. चित्र हातोहात फिरतें आणि कर्ता मागें राहतो, म्हणून प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यांत लहान अक्षरांत नांव व पत्ता घालावा.

तिसरी गोष्ट, जागेची पारख. नवे चित्रकार बहुधा चित्रकारांच्याच मेळाव्यांत चित्रें मांडतात. तेथें शाबासकी मिळते, काम क्वचित् मिळतें. सोनारांच्या आळींत सोनार दागिने घेत नाहीं. लेखक जेथें आपल्या पुस्तकाविषयीं बोलतात, खेळाचे सूत्रधार जेथें पुढच्या डावाची तयारी करतात, तेथें जावें. गेल्याबरोबर जाहिरात न करितां त्यांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावींत. ‘माझ्या कथेंतील बंदर कोठें असावें?’ असें कोणी विचारलें तर, खाडीच्या मुखाशीं, वाऱ्यापासून आडोसा मिळेल तेथें, असें कारणासह सांगावें. जो माणूस फुकट शहाणपणाचें बोलतो, त्याच्याकडे लोक पैसे देऊन काम घेऊन येतात.

चौथी गोष्ट, कृति दाखविणें. पुरा नकाशा लोक क्षणभर पाहतात. परंतु आधीं किनारा, मग डोंगर, मग नद्या, शेवटीं अक्षरें, असा तो आकारास येतांना पाहण्यास त्यांस फार आवडतें. महिन्यांतून एखादा लहान नकाशा सर्वांस मोफत द्यावा, आणि ज्यांस अधिक हवे असतील त्यांनीं दरमहा थोडी वर्गणी भरावी, अशीही एक पद्धति आहे. २०१३ सालीं निघालेल्या पेट्रियन या संस्थेमार्फत पुष्कळ नकाशेकार अशी वर्गणी घेतात. पूर्वीं एक राजा आश्रय देई, आतां शंभर सामान्य माणसें मिळून देतात. मात्र यांत खंड पडूं देऊं नये. रोज चार चित्रें टाकून महिनाभरानें थकण्यापेक्षां आठवड्यास एकच, परंतु ठरल्या वारीं टाकणें बरें.

पांचवी गोष्ट, कामाची शिस्त. कारण समाधानी गिऱ्हाईकानें दुसऱ्यास सांगणें हीच सर्वांत उत्तम जाहिरात. छापावयाचा नकाशा इंचास ३०० ठिपके या प्रमाणाहून कमी नसावा. दोन पानांवर पसरणारा असेल तर पुस्तकाच्या शिवणींत राजधानीचें नांव जाणार नाहीं, हें पाहावें. नांवांचें शुद्धलेखन लेखकाकडून लेखी मागून घ्यावें. मुदत सांगितली कीं ती पाळावी.

आतां पैशाविषयीं, कारण आपलीं सुशिक्षित मुलें येथेंच लाजतात. आरंभीं अर्धी रक्कम घेतल्यावांचून पेन्सिल उचलूं नये. दुरुस्त्या किती वेळां करून देणार, दोनदां कीं तीनदां, हें आधींच लिहून ठेवावें. नाहींतर लेखकमहाशय प्रत्येक प्रकरणागणिक एक डोंगर हलवितात. ‘पैसे नाहींत, पण तुमचें नांव होईल,’ असें म्हणणाऱ्यास नम्रपणें नकार द्यावा. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत नकाशा हा कलाकृतींत मोडतो आणि हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी द्यावा लागतो. म्हणून नकाशा एका पुस्तकापुरता दिला कीं कायमचा, हें पत्रांत स्पष्ट असावें आणि कायमच्या हक्काची किंमत निराळी घ्यावी. परदेशाहून आलेला पैसा हेंही उत्पन्नच आहे. त्यावरील कराविषयीं जाणत्या सल्लागारास वर्षाच्या आरंभींच विचारावें.

घरांतील वडीलधाऱ्यांस जी काळजी वाटते, तीही अनाठायीं नाहीं. घराचा पत्ता, घरच्या मंडळींचे फोटो, फोनचा नंबर यांतील कांहींएक उघड मांडूं नये. कामाचा ई-मेल स्वतंत्र ठेवावा. कोणी ठरल्याहून जास्त रक्कम पाठवून उरलेली परत मागितली, किंवा फोनवर आलेला सांकेतिक आंकडा विचारला, तर तो लबाड समजावा. अमेरिकेंतील गिऱ्हाइकाची दुपार ही आपली मध्यरात्र असते. म्हणून बोलणीं लेखी व्हावींत, आणि त्यांतूनही प्रत्यक्ष बोलावयाचें झालें तर वेळ आपल्या सोयीची सांगावी. माडीवरचा दिवा रात्रीं दोनपर्यंत जळूं लागला तर घराची शांति आणि मुलीची प्रकृति दोन्ही बिघडतील.

एक नवें संकट मात्र झांकून ठेवणें योग्य नव्हे. चार शब्द लिहून दिले असतां चित्र काढून देणारीं यंत्रें २०२२ सालापासून सर्वांच्या हातीं आलीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत आर्टस्टेशन या चित्रकारांच्या संकेतस्थळावर पुष्कळ चित्रकारांनीं त्याविरुद्ध निषेधाचीं चित्रें लावलीं. स्वस्तांत भागविणारे कांहीं गिऱ्हाईक तिकडे गेले, आणि जातीलही. परंतु लेखकाला केवळ सुंदर चित्र नको असतें. तिसऱ्या प्रकरणांतील घाट पांचव्या प्रकरणांतील गांवापासून दोन दिवसांच्याच वाटेवर असावा लागतो, आणि एक नांव बदललें तरी बाकीचा नकाशा जसाच्या तसा राहावा लागतो. पुस्तक वाचून, विचारपूस करून, अशी जबाबदारी घेणारा मनुष्य त्यास हवा असतो. म्हणूनच काम हातानें कसें घडलें हें दाखविणें आज पूर्वींहून अधिक महत्त्वाचें झालें आहे.

इतकें सांगूनही, या धंद्यावर संसार चालेलच अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. कांहीं महिने चार कामें येतात, कांहीं महिने एकही नाहीं. म्हणून पत्रलेखकांस आमची विनंति अशी : नातीस एक वर्षाची मुदत द्यावी. तिनें एक वही घालावी. किती नमुने मांडले, किती जणांनीं विचारणा केली, ती कोठून आली, किती कामें ठरलीं, किती तास गेले आणि पदरांत काय पडलें, हें त्यांत लिहावें. वाणिज्याच्या पदवीधरास हें जड नाहीं. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सकाळीं दोन तास चालूं ठेवण्यास हरकत नसावी. त्यांत थोरल्या चिरंजीवांचाही मान राहतो. वर्षाअखेर निर्णय आपण करूं नये, त्या वहीलाच करूं द्यावा.

शेवटीं एक जुनी हकीकत. स्कॉटलंडमध्यें स्टीव्हन्सन नांवाचें दीपगृहें बांधणाऱ्या इंजिनिअरांचें घराणें होतें. त्या घरच्या रॉबर्ट लुईस या मुलानें वडिलोपार्जित विद्या सोडून लेखनाचा मार्ग धरला, याचें वडील थॉमस यांस फार वाईट वाटलें होतें. १८८१ सालीं ब्रेमार या गांवीं पावसाळी दिवसांत, आपल्या तेरा वर्षांच्या सावत्र मुलाच्या संगतींत, रॉबर्टनें एका कल्पित बेटाचा नकाशा रंगविला आणि त्यांतूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी निघाली. प्रकाशकाकडे पाठविलेला तो नकाशा गहाळ झाला. तेव्हां १८८३ च्या पुस्तकासाठीं तो पुन्हां काढावा लागला, आणि काढला गेला तो वडिलांच्याच कचेरींत, कंपास घेऊन, मजकुरांतील प्रत्येक अंतर ताडून. त्यावरील चांच्यांच्या कप्तानाची खोटी सही तर खुद्द थॉमस स्टीव्हन्सन यांनीं केली! खरीं दीपगृहें उभारणाऱ्या हाताला खोट्या बेटावर सही करण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

पत्रलेखकांनीं एक दिवस माडी चढून जावें, चष्मा लावावा, आणि नातीचा नवा नकाशा पुढें ओढून तिच्या नद्या कोठून निघून कोठें जातात तें तपासावें. चूक सांपडल्यास लाल शाईची दौत त्यांच्याजवळ आहेच. आणि नकाशा निर्दोष निघाला, तर तो चार लोकांस दाखविण्याची आज्ञा त्यांनींच तिला द्यावी. नात शब्दाबाहेर नाहीं, असें त्यांनींच लिहिलें आहे.